गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गॉडझिला

२०१९च्या जानेवारीत अमेरिकेत, ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलच्या लिलावात टोयोटाच्या नव्या सुप्राची पहिली गाडी २१ लाख डॉलरला गेली. शोरूममध्ये तीच गाडी ५० हजार डॉलरला मिळणार होती. पैसे धर्मादाय कामाला जाणार होते, त्यामुळे हा आकडा भाव म्हणून धरण्यात अर्थ नाही. पण बातम्या त्याच्याच झाल्या. दोन महिन्यांनी फ्लॉरिडातल्या अमेलिया आयलंडच्या लिलावात १९९४ची एक जुनी सुप्रा १,७३,६०० डॉलरला विकली गेली. इथे ना दानधर्म होता, ना कॅमेऱ्यांची गर्दी. नवी असताना चाळीस हजारांच्या आसपास मिळणारी गाडी पंचवीस वर्षांनी चौपट भावाने गेली होती. खरा विचार करायला लावणारा आकडा हा होता.

तेव्हापासून शौकिनांत एकच वाद रंगतो. नव्वदच्या दशकातल्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांनी जे करून दाखवलं, ते आजच्या करतील का? निस्सान जीटी-आर आर३५, होंडाची दुसरी एनएसएक्स, नवी सुप्रा, होंडा सिव्हिक टाइप आर, टोयोटा जीआर यारिस, निस्सानची नवी झेड यांच्यापैकी कुठली गाडी आज घेऊन झाकून ठेवली तर पोराच्या लग्नापर्यंत सोनं होईल? माझं उत्तर बहुतेकांना आवडणार नाही. झाकून ठेवायचा विचार इतक्या लोकांच्या डोक्यात आला आहे, हीच या गाड्यांच्या भावाला लागलेली कीड आहे.

आधी जुना हिशेब पाहू. जपानी गाडी संग्रहात ठेवण्याच्या लायकीची असू शकते, हे पहिल्यांदा पटवलं टोयोटा २०००जीटीने. १९६७ ते १९७० या काळात यामाहाच्या मदतीने अशा साडेतीनशेच्या आसपास गाड्या तयार झाल्या. जपानमध्ये किंमत होती सुमारे २४ लाख येन, आणि अमेरिकेत तर जॅग्वार ई-टाइपपेक्षाही महाग. त्यामुळे ती खपली नाही. जेम्स बाँडच्या सिनेमात तिची उघड्या टपाची आवृत्ती दिसली, तरीही नाही. २०१३मध्ये मात्र एका २०००जीटीला दहा लाख डॉलरहून जास्त बोली लागली. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याच मॉडेलचे भाव पुन्हा दहा लाखांच्या खाली घसरले. मग २०२२मध्ये कॅरोल शेल्बीच्या संघाने रेसिंगसाठी तयार केलेली एक २०००जीटी २५ लाख डॉलरच्या वर गेली. म्हणजे एकाच मॉडेलची आख्खी रांग वर जात नाही. ज्या गाडीला स्वतःची कुंडली आहे, ती जाते.

नव्वदच्या दशकातल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्या दुर्मीळ म्हणून बनवल्याच नव्हत्या. निस्सानच्या आर३२ स्कायलाइन जीटी-आर १९८९ ते १९९४ या काळात ४३ हजारांहून जास्त निघाल्या. या गाडीने १९९० ते १९९३ या चार मोसमांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या आपल्या गटाच्या सगळ्या म्हणजे २९ शर्यती जिंकल्या. १९९१ आणि १९९२ साली ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची शर्यतही मारली. तिला ‘गॉडझिला’ हे नाव तिथल्याच एका मासिकाने दिलं. नंतर आलेली आर३४ जपानमध्ये सुमारे ५० लाख येनला मिळायची आणि तीही साडेअकरा हजारांच्या आसपास निघाली. माझदा आरएक्स-७, होंडाची पहिली एनएसएक्स, सुबारू इम्प्रेझा, मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या गाड्या पगारदार तरुण कर्ज काढून घेत, वापरत, ठोकत आणि विकून टाकत.

मग त्या कमी झाल्या कशा? यातला बराचसा हात जपानी सरकारी नियमांचा आहे. तिथे नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी होते आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. तिचा खर्च चांगलाच असतो. तेरा वर्षं उलटलेल्या पेट्रोल गाडीला वर वाढीव करही भरावा लागतो. त्यामुळे जुनी गाडी घरात ठेवणं परवडत नाही. ती लिलावात जाते, तिथून जहाजावर चढते किंवा भंगारात निघते. निस्सान सिल्व्हियासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाड्यांचे हाल आणखी वाईट झाले. डोंगरातल्या घाटांत आणि रिकाम्या ट्रॅकवर ड्रिफ्टिंग करणाऱ्या पोरांनी त्या अक्षरशः वापरून संपवल्या. इंजिनं बदलली, पत्रे कापले, भिंतीला घासल्या. १९८५च्या सुमाराची टोयोटा एई८६ ही मुळात साधी, स्वस्त कोरोला. ‘इनिशियल डी’ या मांगाच्या नायकाने तीच गाडी चालवली आणि मग राहिलेल्या एई८६ शोधायला जगभरातले लोक जपानी लिलावांत उतरले.

या लिलावांचा कागद एकदा तरी नीट पाहायला हवा. गाडीचा एक साधा आराखडा, वरून आणि बाजूने काढलेला. त्यावर तपासनीसाने हाताने केलेल्या खुणा: कुठे ओरखडा, कुठे पोचा, कुठला पत्रा रंगवलेला, कुठला बदललेला. वर कोपऱ्यात श्रेणी. साडेचार म्हणजे सांभाळलेली, साडेतीन म्हणजे चालेल, आणि ‘आर’ अक्षर आलं की समजायचं, ही गाडी कधीतरी जोरदार ठोकली गेली होती. शेजारी किलोमीटरचा आकडा. न्यूझीलंड, ब्रिटन, केनिया, पाकिस्तान, रशिया इथले खरेदीदार वर्षानुवर्षं गाडी न पाहता, निव्वळ हा कागद वाचून बोली लावत आले आहेत. साडेचारची आर३४ आज कशी उठून दिसते, हे समजायला ‘आर’वाल्या किती आहेत ते आधी पाहावं लागतं.

या सगळ्याला अमेरिकेने फोडणी दिली. १९८८मध्ये तिथे कायदा झाला आणि अमेरिकेच्या सुरक्षा निकषांत न बसणारी परदेशी गाडी २५ वर्षांची झाल्याशिवाय सहजासहजी आणता येईनाशी झाली. स्कायलाइन जीटी-आर तर तिथे कधीच अधिकृतपणे विकली गेली नव्हती. मधल्या काळात सोनीच्या प्लेस्टेशनवर १९९७मध्ये ‘ग्रान टुरिस्मो’ हा खेळ आला आणि २००१मध्ये ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ हा सिनेमा. एक आख्खी पिढी ही गाडी पडद्यावर चालवत मोठी झाली आणि रस्त्यावर ती घेता येत नव्हती. आर३२ २०१४पासून अमेरिकेत आणणं कायदेशीर झालं, आर३४ला २०२४पर्यंत थांबावं लागलं. तोवर तो खेळ खेळणाऱ्या पोरांच्या हातात पैसा आला होता. २०२३मध्ये याच सिनेमामालिकेत नट पॉल वॉकरने चालवलेली एक आर३४ साडेतेरा लाख डॉलरच्या वर गेली. यातला मोठा वाटा सिनेमाचा, हे उघड आहे. पण कुठलाही सिनेमा न केलेल्या आर३४ सुद्धा लाखो डॉलरच्या भाषेत बोलू लागल्या.

(आपल्याकडच्या वाचकाला यातली निम्मी गोष्ट ओळखीची वाटेल. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत ‘नीड फॉर स्पीड’ खेळलेल्यांना आर३४चा मागचा दिवा अंधारातही ओळखता येतो. पण गाडी आणायची म्हटली तर जुन्या गाड्यांच्या आयातीचे नियम आणि शुल्क आड येतं. २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. आर३४ला तिथे पोचायला अजून पाव शतक आहे. आपल्याकडे अधिकृतपणे आली ती आर३५, २०१६च्या डिसेंबरमध्ये, १ कोटी ९९ लाखांना.)

तर जुन्या गाड्यांच्या भावामागे चार गोष्टी एकत्र आल्या. त्या भरपूर बनल्या, पण बेफिकिरीने वापरल्या गेल्या. पोरांच्या डोक्यात त्या वेळेवर शिरल्या. कायद्याने त्या दूर ठेवल्या. आणि त्या गाडीसारखी गाडी पुन्हा बनणार नाही, हे नंतर सगळ्यांना कळलं. यातली चौथी गोष्ट आजच्या गाड्यांना नक्की लागू आहे. पेट्रोल इंजिन आणि हाताने टाकायचा गिअर यांचे दिवस युरोपच्या नियमांनी मोजत आणले आहेत. तिथल्या नव्या सुरक्षा नियमांमुळे टोयोटा जीआर८६सारखी साधी, स्वस्त गाडीही २०२४मध्ये युरोपच्या बाजारातून गेली. लोक नेमकं याच एका मुद्द्यावर उड्या मारतात आणि पहिले तीन विसरतात.

आज एखादी खास आवृत्ती जाहीर झाली की गाडी कारखान्यातून निघण्याआधीच तिचे भावी संग्राहक ठरलेले असतात. जपानमध्ये जीआर कोरोलाच्या पहिल्या ५०० गाड्या सोडतीने वाटाव्या लागल्या. दुसऱ्या एनएसएक्सची शेवटची टाइप एस आवृत्ती ३५०च बनली आणि त्यातल्या जपानच्या वाट्याच्या ३० गाड्या विक्री उघडताच संपल्या. ओडोमीटरवर दोन आकडी मैल, सीटवरचं प्लास्टिक तसंच, खिडकीवरचं किंमतपत्रक न काढलेलं अशा गाड्या आता ऑनलाइन लिलावांत नियमित दिसतात. होंडा एस२०००ची सीआर आवृत्ती २०२२मध्ये दोन लाख डॉलरच्या घरात गेली, तीही जेमतेम सव्वाशे मैल चाललेली. पण २००८-०९मध्ये असं झाकून ठेवणारे विरळा होते, म्हणून तो भाव. आपल्याकडे टपाल खात्याची प्रथम दिवस आवरणं पाहा. हजारो घरांत ती पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये जपून ठेवलेली आहेत आणि म्हणूनच त्यांना मूळ किमतीपेक्षा फारसं कोणी देत नाही. जपलेल्या टाइप आरचं वीस वर्षांनी असंच होईल, असा माझा कयास आहे.

आर३५ची गोष्ट यात अवघड आहे. २००७मध्ये ती ७७ लाख ७० हजार येनला आली तेव्हा दुप्पट किमतीच्या पोर्शला मागे टाकणारी गाडी म्हणून तिने खळबळ उडवली. ऑगस्ट २०२५मध्ये तोचिगीच्या कारखान्यातून शेवटची गाडी निघाली, ‘मिडनाइट पर्पल’ रंगाची. अठरा वर्षांत सुमारे ४८ हजार गाड्या. तिचं इंजिन योकोहामाच्या कारखान्यात मोजक्या नऊ ‘ताकुमी’ कारागिरांपैकी एकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने जुळवलेलं असतं आणि त्याच्या नावाची पट्टी इंजिनावर बसवलेली असते. बॉनेट उघडून ती पट्टी पाहताना कुणालाही वाटावं की हा ऐवज आहे. पण ती अमेरिकेतही सरळ विकली गेली आहे, त्यामुळे निषिद्ध फळाची ओढ नाही. गिअरबॉक्स दोन क्लचचा, स्वयंचलित. आणि त्याच चेहऱ्याची गाडी अठरा वर्षं विकली गेल्यावर ‘कधीची?’ हा प्रश्नच पुसट होतो. माझ्या मते सुरुवातीच्या आर३५ वर्षानुवर्षं चांगल्या वापरलेल्या गाड्यांच्याच भावात फिरतील. शेवटच्या निस्मो आणि टी-स्पेक या खास आवृत्त्यांना मात्र किंमत येईल, कारण निस्सानची सध्याची आर्थिक ओढाताण पाहता पुढची जीटी-आर कधी आणि कुठल्या रूपात येईल हे अंधारातच आहे.

दुसऱ्या एनएसएक्सचं दुखणं निराळं. पहिली एनएसएक्स १९९०ची. पूर्ण ॲल्युमिनियमचं शरीर, सुझुकाच्या ट्रॅकवर आयर्टन सेन्नाने चालवून दिलेला सल्ला, आणि रोज बाजारात नेता येईल इतकं सोपं चालवणं. तिच्यातलं काहीही बिघडलं तरी जाणता मेकॅनिक हात घालू शकतो. दुसरी ओहायोत बनली, २०१६ ते २०२२, एकूण जेमतेम तीन हजार. आकड्यांत ती पहिलीपेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे. पण तीन विजेच्या मोटरी, लिथियम बॅटरी, नऊ गिअर आणि या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर. २०४५मध्ये ती बॅटरी आणि तो संगणक कोण बनवून देणार? जुन्या गाड्यांसाठी कंपन्यांनी आता सुटे भाग पुन्हा तयार करायला घेतले आहेत. निस्सानने आर३२साठी, माझदाने पहिल्या मियाटासाठी २०१७पासून, टोयोटाने सुप्रा आणि २०००जीटीसाठी. हे रबर, पत्रा आणि धातूचे भाग आहेत. बंद पडलेली चिप पुन्हा घडवणं हे वेगळंच प्रकरण. या बाबतीत मी निराशावादी आहे.

नव्या सुप्राबद्दल तर शौकिनांची दोन टोकं आहेत. ऑस्ट्रियात ग्राझला मॅग्ना स्टायरच्या कारखान्यात, बीएमडब्ल्यू झेड४बरोबर बनलेली, बीएमडब्ल्यूच्याच सहा सिलिंडरच्या इंजिनावर चालणारी गाडी जपानी संग्रहात बसते का? चालवायला ती फार चांगली, यावर दुमत नाही. पण संग्राहक गाडीबरोबर तिचं गोत्रही विकत घेतो. जुन्या सुप्राचं टूजेझेड इंजिन इतकं दणकट होतं की पोरांनी त्यातून कंपनीने स्वप्नातही पाहिली नसेल एवढी ताकद काढली. तो पराक्रम टोयोटाचा होता. मॅन्युअल गिअरची सुप्रा, विशेषतः शेवटची मर्यादित आवृत्ती टिकून राहील. बाकीच्या सामान्य राहतील.

आणि तरी एक गाडी अशी आहे जी या सगळ्या तर्कांची खिल्ली उडवते. लेक्सस एलएफए. तिच्यावर जवळपास दहा वर्षं काम चाललं होतं. मधेच ॲल्युमिनियमचं शरीर रद्द करून कार्बन फायबरचं करायचं ठरलं आणि त्यासाठी टोयोटाने स्वतः गोल विणकामाचा माग बनवला. टोयोटा घराण्याची सुरुवात मागापासून झाली, त्यामुळे यात एक गंमत होतीच. ४.८ लिटरचं व्ही१० इंजिन, ज्याचा आवाज यामाहाने जुळवला. ते इंजिन इतक्या झपाट्याने नऊ हजार फेऱ्यांवर पोचायचं, की काट्याचं मीटर त्याच्याबरोबर धावू शकेना. म्हणून पडद्यावर चित्रित केलेला काटा घालावा लागला. गाडीचे प्रमुख चाचणी चालक हिरोमू नारुसे यांचा २०१०च्या जूनमध्ये जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंग ट्रॅकजवळ याच गाडीत अपघाती मृत्यू झाला. टोयोटाचे प्रमुख झालेल्या अकिओ टोयोडा यांना वेगात गाडी चालवायला शिकवणारा हा माणूस. २०१० ते २०१२ या काळात मोतोमाची कारखान्यात महिन्याला वीस या गतीने बरोबर ५०० गाड्या बनल्या.

अमेरिकेत किंमत ३,७५,००० डॉलर. कंपनीला भीती होती की लोक घेऊन लगेच चढ्या भावाने विकतील, म्हणून सुरुवातीला तिथे ती विकण्याऐवजी दोन वर्षांच्या भाडेकरारावरच दिली गेली. झालं उलटंच. लोक म्हणाले, एवढ्या पैशात फेरारी येते. गिअरबॉक्स एका क्लचचा, धक्के देणारा, अशी टीका झाली. उत्पादन थांबून पाच वर्षं झाली तरी २०१७मध्ये अमेरिकन डीलरांकडे डझनभर नव्या एलएफए पडून होत्या. आज तीच गाडी मूळ किमतीच्या दुपटीवर जाते आणि न्यूर्बर्गरिंग पॅकेजच्या गाड्या दहा लाख डॉलर ओलांडून जातात. हिला मॅन्युअल गिअर नाही, रेसिंगचा मोठा विजय नाही, सिनेमातली कीर्ती नाही. बाजारात आली तेव्हा कुणाला नको होती, आणि जिने ती बनवली ती कंपनी पुन्हा असा वेडेपणा करणार नाही, एवढंच तिचं भांडवल. सट्टा म्हणून ती कुणी घेतली नव्हती. आज जी गाडी हिशेबी माणसं सांगून-सवरून घेतात, तिच्यात ही गोष्ट नसते.

इथे एक आठवण करून द्यायला हवी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जपानी पैशानेच जुन्या फेरारींचे भाव गगनाला नेले होते. तोक्योतला जमिनीचा फुगा फुटला आणि १९९०नंतर ते भाव धाडकन आपटले. कितीतरी लोक वर्षानुवर्षं अडकून पडले. जपानी गाड्यांचंही २०२२नंतर व्याजदर चढले तसं झालं. मोजक्या सर्वोत्तम गाड्या टिकल्या, मधल्या दर्जाच्या घसरल्या. ज्यांनी कर्ज काढून घेतल्या त्यांना विम्याचा, गोदामाचा आणि देखभालीचा खर्च चांगलाच आठवला असेल.

मग आजच्या गाड्यांतून माझा पैसा कशावर? जीआर यारिसवर. कारण विचित्र आहे. ही गाडी २०२०मध्ये जागतिक रॅली स्पर्धेत उतरण्याची अट पूर्ण करायला बनवली गेली. तीन दारांचं खास शरीर, कार्बनचं छत, १.६ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद, मॅन्युअल गिअर. नंतर स्पर्धेचे नियम बदलले आणि जिच्यासाठी एवढा घाट घातला ती रॅली गाडी मूळ योजनेतल्या रूपात मैदानात आलीच नाही. पण रस्त्यावरची गाडी राहिली. मोतोमाचीतच बनते, जिथे एलएफए बनली होती. जपानमध्ये आरझेड आवृत्ती ३९ लाख ६० हजार येनपासून मिळायची. त्यामुळे ती घेणारे बहुतेक लोक झाकून ठेवणारे नव्हते. शनिवार-रविवारी रॅलीच्या मातीत, बर्फात, ट्रॅकवर ती सर्रास ठोकली जाते. आणि अमेरिकेत ती कधीच अधिकृतपणे विकली गेली नाही. तिथे तिच्याऐवजी जीआर कोरोला देण्यात आली.

म्हणजे नव्वदच्या दशकातल्या गाड्यांना ज्या चार गोष्टी लागू होत्या, त्या चारही हिला लागू आहेत. २०२०च्या पहिल्या जीआर यारिस अमेरिकेत कायदेशीर होतील २०४५मध्ये. ‘ग्रान टुरिस्मो ७’मध्ये ती आज चालवणारा दहा-बारा वर्षांचा पोरगा तेव्हा तिशी ओलांडलेला असेल, आणि साडेचार श्रेणीच्या यारिस तोवर किती उरल्या असतील ते जपानमधले वाकडे-तिकडे ठोकणारे ठरवतील.